बडनेऱ्यापर्यंत आलेला भाऊ

माझे वडील पाळक होते. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीची उपासना चालवणारा, लग्नं लावणारा, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणारा आणि माणूस गेला की त्याला माती देणारा. अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात आमचं घर होतं. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. शेजारच्या भाजीवाल्या मावशी बाबांना ‘पाळकसाहेब’ म्हणायच्या आणि नातवाला ताप आला की खुशाल प्रार्थनेला बोलवायच्या. आम्ही तीन भावंडं. मी सगळ्यांत मोठी, माझ्या पाठीवर दोन भाऊ. नावं इथं लिहिणार नाही. घरात त्यांना मोठा आणि लहाना असंच म्हणत. सगळ्यांच्या आधी मी जन्मले असले तरी ‘मोठा’ तोच होता, कारण मोठेपणाच्या गोष्टीत मुलगी कुणी धरत नव्हतं.

धर्मशिक्षणाला पुण्याकडे असताना बाबा इब्री, म्हणजे बायबलचा जुना भाग ज्या हिब्रू भाषेत आहे ती, शिकले होते. बाकीचे परीक्षेपुरतं शिकून विसरले, बाबांनी ती धरून ठेवली. सकाळचा चहा झाला की भिंग घेऊन ते इब्री शास्त्र उघडत आणि उजवीकडून डावीकडे बोट सरकवत पुटपुटत. गल्लीतल्या उर्दू शाळेच्या पोरांना त्याचं फार अप्रूप. खिडकीत उभी राहून म्हणायची, “पाळकसाब हमारे जैसाच पढते.”

रविवारच्या मुलांच्या वर्गात बाबा दरवर्षी एकदा दोन भावांची गोष्ट सांगत. ज्यांना ती नावं ठाऊक आहेत त्यांना ठाऊक आहेत, ज्यांना नाहीत त्यांचं काही अडणार नाही. एका बापाला जुळी मुलं. थोरला रानात हिंडणारा, शिकारी, अंगभर केस. धाकटा तंबूत राहणारा. बापाचा जीव थोरल्यावर, आईचा धाकट्यावर. बाप म्हातारा झाला, आंधळा झाला. त्यानं थोरल्याला बोलावून सांगितलं, शिकार करून आण, मला खाऊ घाल, मग मी तुला आशीर्वाद देतो. आईनं ते ऐकलं. थोरला रानात गेल्याबरोबर तिनं धाकट्याच्या हातांना करडांची कातडी गुंडाळली, थोरल्याचे कपडे त्याच्या अंगावर चढवले आणि त्याला आत पाठवलं. बापानं हात चाचपले, कपड्यांचा वास घेतला. आवाजावरून त्याला शंका आली, तरी आशीर्वाद देऊन टाकला. थोड्या वेळानं थोरला आला, शिकार रांधून. काय झालं ते कळल्यावर तो एवढा धिप्पाड माणूस आंधळ्या बापासमोर हंबरडा फोडून रडला.

इथं बाबा थांबत. मग म्हणत, “त्या धाकट्यासाठी इब्रीत एक शब्द आहे, ताम. आपण मराठीत त्याला साधा माणूस म्हणून मोकळे होतो. पण ज्या माणसाची लेकरं गेली, गुरं गेली, अंगाला फोड आले, आणि तरीही ज्यानं आपला खरेपणा सोडला नाही, त्याच्यासाठीसुद्धा शास्त्रात हाच शब्द आहे. ताम म्हणजे निखळ. ज्याच्यात भेसळ नाही असा.”

एका वर्षी लहान्यानं विचारलं, “मग तो बापाशी खोटं कसं बोलला?”

“बोलला,” बाबा म्हणाले. “शास्त्र त्याला निखळही म्हणतं आणि त्याचं खोटंही सांगतं. काही झाकत नाही.”

मोठा मागच्या सतरंजीवरून म्हणाला, “अन् बापानं आशीर्वाद वापस काहून नाही घेतला? चूक झाली म्हनाचं अन् घ्याचा.”

मुलं हसली. बाबा म्हणाले, “दिलेला शब्द परत घेता येत नाही, बेटा.”

“मंग थोरल्याचं काय?”

त्याला उत्तर मिळाल्याचं मला आठवत नाही. वर्ग संपल्याची घंटा झाली असेल.

मोठा जन्मला तेव्हाच बाबांनी त्याला देवाच्या कामासाठी वाहिलं होतं. हा पुढं पाळक होणार हे साऱ्या मंडळीला माहीत होतं. मोठ्याचं मन मात्र शाळा सुटल्यावर मोर्णेच्या काठानं भाज्यांच्या वाफ्यांमधून हिंडण्यात. लहाना आईच्या मागेमागे असायचा. तिच्याजवळ पोळपाटाशी बसून वचनं पाठ करायचा, तिनं शिकवलेली पेटी वाजवायचा. नाताळच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला बाबांनी एकदा मोठ्याला उभं केलं. तो एका लांबलचक वाक्यात अडकला. पहिल्या बाकावरून लहान्यानं पुस्तक न बघता पुढचं वाक्य हळूच सांगितलं. घरी आल्यावर बाबा लहान्यावर रागावले. भर मंडळीत भावाला उघडं पाडलंस म्हणाले. आईनं त्या दिवशी करंज्यांचा डबा लहान्याच्या पुढ्यात ठेवला आणि मोठ्यानं हात घातला तेव्हा झाकण लावलं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

मोठा धर्मशिक्षणाला गेला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत परत आला. ओट्यावर ट्रंक ठेवून बाबांना म्हणाला, “माह्यानं नाही होत, बाबा. मी तिथं दुसऱ्याच्या तोंडानं बोलून राहिलो असं वाटते.”

बाबांनी त्याला खूप समजावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाला. पुढच्या साली लहान्यानं अर्ज केला. तो निघाला त्या दिवशी मोठाच त्याची ट्रंक स्टेशनवर घेऊन गेला. मी बरोबर होते. गाडी लागल्यावर मोठा म्हणाला, “तुले पाहिजेच होतं हे.”

“तू टाकलंस,” लहाना म्हणाला. “मी चोरलं नाही.”

दोघंही खरं बोलत होते. त्यानंतर त्यांच्यात कामापुरतं बोलणं उरलं.

मोठ्यानं पातूरजवळ जमीन ठोक्यानं, म्हणजे सालभराच्या भाड्यानं, घेतली आणि फुलं लावली. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. गणपती, महालक्ष्म्या, दसरा म्हटलं की त्याच्या फुलांची पोती अकोल्याच्या बाजारात यायची. मंडळीत कुजबुज सुरू झाली, पाळकाचा पोरगा मूर्तींना हार पुरवतो. बाबांनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही. मग त्यानं लग्न ठरवलं. शेजारच्या मळ्यात मामाकडे राहणारी हिवरखेडची मुलगी, माळ्याची, सावळी, उंच, कामाला वाघीण. तिला घेऊन तो घरी आला. दोघं बाबांसमोर उभे राहिले.

बाबा म्हणाले, “आधी हिनं बाप्तिस्मा घ्यावा. मग मी स्वतः लग्न लावतो.”

मोठ्यानं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “मी माह्या देवाले सोडनार नाही, बाबा. याईच्या देवाले मी नाव ठेवत नाही.”

“विश्वास होईल हळूहळू,” बाबा म्हणाले.

“झाला नाही अन् पानी घेतलं, तं ते खोटं नाही होनार?” मोठा म्हणाला. “भेसळ नको, असं तुमीच सांगतलं ना आमाले?”

बाबांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. मोठा आणि ती मुलगी पाया पडायला वाकली. बाबांनी हात मांडीवरून उचलले नाहीत. आपल्याकडे वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर वैरीसुद्धा हात ठेवतो. ती दोघं वाकूनच राहिली, मग मोठ्यानं तिला खांद्याला धरून उठवलं. लहाना तेव्हा नुकताच शिकून परतला होता आणि बाबांच्या हाताखाली काम करत होता. तो स्वयंपाकघराच्या दारात पडदा धरून उभा होता.

“तू तरी बोलाचं होतं,” मोठा जाता जाता त्याला म्हणाला.

“मंडळीचा नियम आहे, दादा. मी काय बोलणार?”

“तुह्या फायद्याचा नियम हाये.”

लग्न कोर्टात झालं. आमच्याकडून मी एकटी गेले होते.

पुढं माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले, इथल्या शाळेत मराठी शिकवू लागले. मोठ्याला एक मुलगी झाली. तो अकोल्याला फुलं घेऊन यायचा तेव्हा मोर्णेच्या पुलाच्या अलीकडूनच परत जायचा. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आधी बारीक अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे गेले. उपासना लहान्याकडे आली. तो चांगला पाळक होता. माणसं त्याच्याकडे भांडणं घेऊन यायची, कारण तो कोणाचंही मन राखायला खोटं बोलत नसे. संध्याकाळी तो बाबांना इब्री शास्त्र वाचून दाखवायचा आणि उच्चार चुकला की आंधळे बाबा पाठच असल्यासारखे दुरुस्त करायचे.

मोठ्याचं नाव ते काढत नसत. पण गणपतीच्या दिवसांत मी माहेरी असले की पाहायची, ओट्यावर बसलेले बाबा भाजीवाल्या मावशींच्या टोपलीकडे तोंड करून विचारायचे, “शेवंती कुठली हो ही?”

“पातूरची, पाळकसाहेब.”

“हं,” म्हणायचे.

नंतर त्यांची मूत्रपिंडं गेली. उपचारासाठी त्यांना अमरावतीला माझ्याकडे आणलं. आई सोबत होती. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, त्रास देऊ नका. लहानाही अकोल्याहून येऊन राहिला. एका सकाळी मी बाबांचं तोंड पुसत होते तेव्हा ते एकदम स्पष्ट आवाजात म्हणाले, “मोठ्याला बोलाव.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी अंगणात जाऊन फोन लावला. मोठा मळ्यात होता, मागे पंपाचा आवाज येत होता. मी सांगितलं. पंप बंद झाला.

“त्याईनं सोता नाव घेतलं?”

“स्वतः घेतलं.”

“येतो,” तो म्हणाला.

अकोल्याला पोचून त्यानं स्टेशनवरून फोन केला. गाडी लेट आहे, मागची येईल त्यात बसतो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागेना. मी परत परत लावत होते आणि बंद असल्याचं ऐकत होते.

दुपारपर्यंत बाबांचा श्वास बदलला. डॉक्टर येऊन बघून गेले आणि दारातून जाताना त्यांनी मला नुसती मान हलवून दाखवली. बाबा अस्वस्थ होते. हात चादरीवर सारखा चाचपत होता. “मोठा आला का?” आम्ही म्हणायचो, निघालाय, गाडीत आहे. क्षणभर शांत व्हायचे, की पुन्हा, “मोठा आला का?” आवाज बारीक होत चालला होता. उठून बसायला बघायचे आणि धाप लागायची.

आईनं लहान्याला खिडकीपाशी ओढलं. “तू सांग, मी मोठा, आलो म्हनून.”

“आई!”

“त्याईचा जीव अटकला रे. दिसत नाही तुले? सांग अन् मोकळं कर त्याले.”

“मी त्यांच्याशी खोटं बोलू? आत्ता? अशा वेळी?”

“पाप लागलं तं मले लागू दे,” आई म्हणाली.

त्या गोष्टीतली आईसुद्धा अशाच अर्थाचं काहीतरी बोलते. लहान्याला ते आठवलं असणारच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा फोन लावला. पलंगावरून बाबा म्हणाले, “कोणी आलं का? मोठ्या?”

लहाना पलंगाजवळ गेला, गुडघ्यांवर बसला. तो घरात नेहमी पुण्याकडची मराठी बोलायचा. बाबांचा हात हातात घेऊन तो मोठ्याच्या बोलीत म्हणाला, “हाव, बाबा. मी आलो.”

बाबांची बोटं थांबली. मग हळूहळू त्या तळव्यावरून फिरू लागली. अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या पेरांवर.

“हात मऊ पडले तुझे,” ते म्हणाले.

आई म्हणाली, “आता मजूर लावते तो. सोताले कुठं करा लागते.”

“हं,” बाबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “खाली ये.”

लहान्यानं डोकं चादरीवर टेकवलं. बाबांनी दोन्ही हात त्यावर ठेवले. त्यांनी मोठ्याचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचं घेतलं, ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मुलीचं नाव त्यांना माहीत होतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या मातीला पाणी मिळो, घराला शांती मिळो, माझ्यावरचा राग त्यांच्या मुलीपर्यंत न जावो, असं ते थांबत थांबत बोलले. लहाना खांदे गदगदवत रडत होता. मग बाबांनी पाणी मागितलं, मी चमच्यानं दिलं, आणि ते झोपले. कपाळावरची आठी गेली होती.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. फाटक वाजलं. मोठा अंगणात उभा होता, पँटच्या काठांना मळ्यातली माती तशीच. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याच्या स्टेशनवर उतरून रिक्षानं आला होता. फोनची बॅटरी गाडीतच संपली होती. आत येण्याआधी त्यानं नळावर हात कोपरापर्यंत धुतले, आजारी माणसाला हात लावायचा म्हणून. साबण लावून, घासून घासून. मी टॉवेल घेऊन उभी होते.

“बाबा, मी आलो,” तो पलंगाशी बसून म्हणाला. “मोठा आलो, बाबा.”

बाबा जागे झाले नाहीत. उन्हं उतरेपर्यंत तो हात धरून बसून राहिला. त्यांचा श्वास थांबल्याचं आमच्याआधी त्यालाच कळलं.

आई त्याला म्हणाली, “तुह्यासाठी प्रार्थना करून गेले रे. तुह्या नावानं, सुनेच्या नावानं.”

मोठ्याला वाटलं, बाबांनी आपल्या आठवणीनं, आपण नसताना प्रार्थना केली. तो माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून लहान मुलासारखा रडला, आणि रडता रडता त्याचा चेहरा मोकळा होत गेला. किती वर्षांनी मी त्याला तसं पाहिलं. त्यानं बायकोला फोन लावला. “तुहं नाव घेतलं त्याईनं,” म्हणाला. “हाव, तुहं. पोरीचं बी.”

आम्ही बाबांना अकोल्याला आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माती होती. घर माणसांनी भरलं होतं. मोठ्याची बायको पहाटेच्या गाडीनं मुलीला घेऊन आली आणि आल्या आल्या आईजवळ जाऊन बसली. मागच्या अंगणात लहान्यानं मला गाठलं.

“ताई, मला त्याला सांगावं लागेल.”

“आज नको. माती होऊ दे.”

“मातीच्या वेळी मी त्याच्या शेजारी उभा राहणार आहे,” तो म्हणाला. “तसं कसं उभं राहू?”

आईनं ते ऐकलं असावं. ती बाहेर आली. “काहून सांगतं? सुखात हाये तो. तुह्या मनाच्या समाधानासाठी त्याचं सुख काढून घेतं का?”

तिचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही खात्रीनं वाटत नाही. पण लहाना गेला आणि मोठ्याला अंगणात घेऊन आला. सगळं सांगितलं. हाताचं, आईनं मजुराचं सांगितलं त्याचं, सगळं. आपला बचाव करणारं एक वाक्यही बोलला नाही.

मोठा ऐकत राहिला. मग म्हणाला, “नाव माहं घेतलं?”

“तुझंच घेतलं, दादा. प्रत्येक शब्द तुझ्यासाठीच होता.”

“अन् डोकं तुहं होतं.”

लहान्यानं मान हलवली.

“मी बडनेऱ्यापर्यंत आलो होतो ना रे,” मोठा म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. “गाडीतून उतरलो होतो. ते माह्यासाठी दम धरून होते. थांबले असते.”

“श्वास लागत होता त्यांना...”

“थांबले असते. तू ‘आलो’ म्हनलं म्हनून त्याईनं सोडलं.”

मी मध्ये पडले. म्हटलं, “अरे, बाबांना कळलं असेल. मऊ हात म्हणाले ते. जन्मभर तीच गोष्ट सांगितली त्यांनी, त्यांना कळलं नसेल का? कळूनही दिलं असेल, तुझ्यापर्यंत पोचेल म्हणून.”

मोठ्यानं माझ्याकडे पाहिलं. “मंग त्याईनं बी माह्यासाठी थांबून नाही पाह्यलं,” तो म्हणाला.

कबरीपाशी दोघं शेजारी उभे राहिले. उपासना बाहेरगावच्या पाळकांनी चालवली. शास्त्रातले ते दोन भाऊही शेवटी बापाला मिळूनच माती देतात, त्यावर शास्त्र एक ओळसुद्धा जास्त लिहीत नाही. आमच्याकडे मोठ्यानं आधी माती टाकली, मग लहान्यानं. फुलं मोठ्याच्या बायकोनं आणलेली होती, चादरभर. मंडळीतल्या बायकांनी तिच्या हातून ती घेतली आणि पसरली.

लहान्यानं पुढच्याच महिन्यात मंडळीच्या पंचांना सांगून टाकलं की मी मरणाऱ्या बापाशी खोटं बोलून दुसऱ्याचा आशीर्वाद घेतला, आता मला इथून मोकळं करा. पंचांनी त्याची खूप समजूत घातली. एक म्हातारे पंच म्हणाले, मरणाऱ्याचं मन राखलंस, ह्याला कोण पाप म्हणेल? लहाना म्हणाला, माझा भाऊ म्हणतो, आणि त्याला तो हक्क आहे. त्यानं मेळघाटाच्या पायथ्याची एक लहानशी मंडळी मागून घेतली. तिथं फोनसुद्धा धड लागत नाही. तो नियमित फोन करतो असं आई सांगते, पण शेवटचा कधी केला असं मी विचारलं की तिला आठवत नाही.

आई काही महिने अकोल्याच्या घरी एकटी राहिली. मी चल म्हटलं, आली नाही. एक दिवस मोठ्याची बायको आली, आईचं गाठोडं बांधलं आणि तिला पातूरला घेऊन गेली. विचारलंच नाही. ज्या सुनेच्या हातचं पाणी आईनं कधी घेतलं नव्हतं, ती आता आईला न्हाऊ घालते. घरात एका कोनाड्यात तिचे देव आहेत, समोरच्या भिंतीला आईचा क्रूस. संध्याकाळी आई हार गुंफायला बसते. मोठा तिच्याशी नीट वागतो, औषधं आणतो, पण तिच्याजवळ बसत नाही. एकदा मी गेले होते तेव्हा सुई ओवता ओवता ती म्हणाली, “लहाना येत नाही व माय. मी त्याच्यासाठीच केलं असं मोठ्याले वाटते. मी तं त्याईच्यासाठी केलं होतं. त्याईची धाप पाहवत नव्हती मले.” मग बराच वेळ सुई चालली. “नाही तं लहान्यासाठी बी केलं असंन,” ती म्हणाली. “मले आता समजत नाही.”

गेल्या उन्हाळ्यात मोठ्याच्या मुलीचं लग्न झालं, पातूरलाच. लहान्याला पत्रिका गेली होती. तो आला. मांडवात शेवटच्या रांगेत बसला, केस पांढरे, खांदे उतरलेले. आईला दिसल्यावर तिला दोघांनी धरून त्याच्यापर्यंत न्यावं लागलं. ती त्याच्या गालावरून हात फिरवत राहिली. अक्षता पडल्या. मुलगी काकाच्या पाया पडली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, मोठ्याकडे पाहिलं, आणि हात जोडले.

पंगती बसल्या तेव्हा मी त्याला शोधत बाहेर आले. रस्त्याच्या कडेला तो पिशवी घेऊन उभा होता.

“निघालास?”

“ताई, दादा बोलला माझ्याशी.”

“काय म्हणाला?”

“‘जेवून जाय’ म्हणाला.”

“मग?”

“उद्या उपासना आहे. अकोल्याची बस आता येईल.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. बस आलीच. चढताना त्यानं वळून मांडवाकडे पाहिलं आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसला.

मी परत आले. मोठा वाढप्यांच्या मध्ये उभा होता, डोक्यावर फेटा, हातात जिलबीचं ताट.

“गेला?” त्यानं विचारलं.

“गेला. बस होती.”

“मंगची बस बी होती ना,” मोठा म्हणाला. ताट त्यानं कोणाच्या तरी हाती दिलं आणि तो व्याह्यांच्या पंगतीकडे निघून गेला.